एकच दाणा

देगाव फाट्याच्या आत, तिसऱ्या शेडमध्ये
दहा वर्षं मी मेण तपासलं.
भर एप्रिलमध्ये अंगावर शाल,
कारण मेणाला उन्हाळा चालत नाही.

हिरवं मेण. बोटाएवढं पातं, किंचित पीळ दिलेलं,
आंब्याचं पान वाळताना वळतं तसं.
पोटात चिनीमातीचा गाभा,
यवतेश्वरच्या घाटासारखा नागमोडी:
पुढं त्याच वाटेनं हवा जाणार.

मेणावर लगदा, लगद्यावर वाळू,
सात थर, आठ थर,
मग वाफेत मेण वितळून जातं.
माझं सगळं काम वितळून जातं.
"पोकळी नीट राहिली म्हणजे झालं,"
बाबालाल मुजावर म्हणायचे,
बशीतला चहा गार व्हायची वाट बघत.

धातू कसा थिजतो ते त्यांनीच शिकवलं.
"पूर्वी पाती ठोकून घडवायची, कोयत्यागत.
मग ओतायला लागले. पण ओतलं की दाणे पडतात,
शेजारी शेजारी, एकेकाचं वावर वेगळं,
आणि तडा जातो तो मधल्या बांधावरनं.
भांडण बांधावरनंच होतंय, पोरी."

मग कुणीतरी आडवे बांध काढून टाकले,
नुसते उभे ठेवले.
मग कुणीतरी म्हणालं, बांधच नको.
साच्याच्या बुडाशी पिळाची नळी.
ड्रॉइंगवर तिचं नाव मोठं आहे,
आम्ही डुकराचं शेपूट म्हणतो.
दाणे खालून गर्दीनं चढतात,
वळणावर एकेक मागं राहतो,
वर पोचतो तो एकटा
आणि तोच सगळं पातं होतो.
भट्टीतून साचा खाली येतो
मिनिटाला तीन मिलिमीटर.
जेवायची सुट्टी होते, तो उतरतच असतो.

हे पातं जिथं बसेल तिथला झोत
त्याला वितळवील इतका तापलेला.
तरी ते टिकतं.
अंगभर बारीक भोकं, त्यातून हवा येते,
कातडीवर ओल्या फडक्यासारखी पसरते.
वर पांढऱ्या मातीचा पातळ लेप.
ती हवा तरी गार कुठली? सहाशे अंश.
"सहाशे म्हणजे गारवाच की," मुजावर म्हणायचे,
"शेजारी कोण हाय ते बघायचं."

ते रिटायर झाले, मला ॲसिडच्या खोलीत बसवलं.

मार्चमधला लॉट. बेचाळीस पाती.
धुऊन दिव्याखाली फिरवली की
अख्खं पातं एकदम चमकतं, एकदम विझतं.
सतरावं चमकलं,
आणि देठाजवळ तांदळाएवढा तुकडा
जरा उशिरानं.

घोरपडे साहेब दोनदा येऊन गेले.
"मर्यादेत बसतंय का बघ परत.
गाडी सहाला सुटायची हाय, दुर्गा."
मी परत मोजलं. अर्धा मिलिमीटर जास्त.
परत मोजलं. तेवढाच.
लाल चिठ्ठी लावली.
नियमाप्रमाणे माझ्यासमोर कापलं, दोन तुकडे,
वजन करून वहीत मांडले.
साहेब वहीवर सही करताना काही बोलले नाहीत,
पेन मात्र परत दिलं नाही.

रात्री रहिमतपूरला फोन लावला.
मुजावरांनी सगळं ऐकलं.
म्हणाले, "उजव्या बाजूला का डाव्या?"
मी म्हणाले, डाव्या.
बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले,
"भट्टीचं डावं तोंड बघायला सांग त्यांना."

सुट्टीत भावानं ठोसेघरला नेलं.
चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या,
एकेक पातं आमच्या शेडहून लांब,
वारा नव्हता म्हणून थांबलेली.
वरून एक विमान गेलं, दक्षिणेकडं.
आमची एकेचाळीस त्यात असतील, नसतीलही,
आम्हाला फक्त पार्ट नंबर माहीत.
भावानं विचारलं, "तुमचंच का ते?"
मी आवाजाकडं मान वळवली.
विमान तिथं नव्हतंच,
कधीच पुढं गेलेलं.